अमोना

अमोना : जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावरील, वेस्ट बँक या नावाने वृत्तपत्रवाचकांस परिचित असलेल्या प्रदेशातील, एक भूतपूर्व इस्रायली वस्ती. रामल्लाह शहराच्या ईशान्येस, ओफ्रा या इस्रायली वसाहतीच्या पूर्वेकडील टेकडीवर १९९५–९६ च्या सुमारास तिचा आरंभ झाला, आणि २ फेब्रुवारी २०१७ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ती पूर्णतः रिकामी करण्यात आली. अखेरच्या काळात तेथे सुमारे चाळीस कुटुंबे राहत होती. इतक्या लहान वस्तीला स्वतंत्र नोंदीचे महत्त्व प्राप्त झाले, याचे कारण तिच्या पायाखालच्या जमिनीवरून चाललेल्या दीर्घ न्यायालयीन लढ्यात आहे. इस्रायली सरकारची मंजुरी नसताना, पॅलेस्टिनी खातेदारांच्या खासगी जमिनीवर, परंतु सरकारच्याच खात्यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या अशा अनेक वस्त्यांचे भवितव्य या एका टेकडीच्या निमित्ताने न्यायासनापुढे आणि विधिमंडळापुढे आले. दोन वेळा झालेले निष्कासन, तिच्या निमित्ताने जन्मास आलेला एक कायदा आणि तो कायदा रद्दबातल ठरविणारा एक निकाल, एवढा इतिहास अमोनाच्या वीस-बावीस वर्षांच्या आयुष्याशी जोडलेला आहे.

स्थान आणि परिसर : जेरुसलेमपासून उत्तरेकडे नाब्लूसच्या दिशेने जाणारा डोंगराळ कणा येथे चांगलाच उंचावतो. परिसरातील तल असूर हे १,०१६ मीटर उंचीचे शिखर पश्चिम तीरावरील अत्युच्च शिखरांमध्ये गणले जाते. पूर्वेकडे हा डोंगर झपाट्याने जॉर्डनच्या खोऱ्यात उतरतो, तर पश्चिमेकडे चुनखडीच्या खडकातील पायरीवजा शेतांच्या रांगा लागतात. ऑलिव्ह, अंजीर आणि द्राक्ष ही या भूमीची जुनी पिके होत. टेकडीच्या सभोवती तीन पॅलेस्टिनी गावे आहेत : वायव्येस सिलवाद, पश्चिमेस ऐन यब्रूद, आणि पूर्वेस तैबे हे ख्रिस्ती वस्तीचे प्राचीन गाव. अमोनाची जमीन याच गावांच्या रहिवाशांच्या शेतजमिनींपैकी होती. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारानुसार पश्चिम तीराचे जे तीन प्रशासकीय भाग पाडण्यात आले, त्यांपैकी संपूर्ण इस्रायली नियंत्रणाखाली राहिलेल्या, सुमारे साठ टक्के क्षेत्र व्यापणाऱ्या ‘क’ भागात ही टेकडी येते. गावे एका अंमलाखाली आणि त्यांची शेते दुसऱ्या अंमलाखाली, अशी स्थिती त्यामुळे या टापूत सर्वत्र आढळते.

वस्तीचे नाव हिब्रू बायबलातील यहोशवाच्या ग्रंथावरून घेतलेले आहे. त्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात बन्यामीनाच्या वंशास वाट्याने मिळालेल्या नगरांची जी यादी दिली आहे, तीत अम्मोनी या नावाच्या एका गावाचा उल्लेख येतो. ज्या प्रादेशिक परिषदेच्या क्षेत्रात ही वस्ती होती, तिलाही बन्यामीनाचेच नाव आहे. धर्मग्रंथातील भूगोल वर्तमान नकाशावर पुनःस्थापित करावा, ही धार्मिक झायोनवादी वसाहतकारांची प्रेरणा येथे स्पष्ट दिसते. त्या प्रेरणेचा प्रामाणिकपणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही टेकडी कोणाची, हा प्रश्न धर्मग्रंथापुढे किंवा राष्ट्रांपुढे जाण्याआधी महसुली दप्तराचा होता, आणि अखेर न्यायालयाने तो त्याच पायावर सोडविला.

मूळ वसाहत ओफ्रा : अमोनाचा उगम समजण्यासाठी ओफ्राचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १९७५ साली तल असूरवरील लष्करी तळाभोवती कुंपण घालण्याच्या कामासाठी आलेल्या गुश एमुनीम या वसाहतकारांच्या चळवळीच्या अनुयायांनी ऐन यब्रूदजवळच्या, जॉर्डनच्या सैन्याने सोडून दिलेल्या छावणीत रात्रीचा मुक्काम केला, आणि तत्कालीन संरक्षणमंत्री शिमोन पेरेस यांच्या संमतीने त्या मुक्कामाचे रूपांतर कायमच्या वास्तव्यात झाले. १९७७ मध्ये मेनाखेम बेगिन यांच्या सरकारने ओफ्राला रीतसर मान्यता दिली. आधी प्रत्यक्ष कब्जा, मग अधिकाऱ्यांची मूक संमती, नंतर पाणी, वीज आणि रस्ता, आणि शेवटी मान्यतेचा कागद, असा जो क्रम ओफ्राच्या बाबतीत यशस्वी ठरला, तोच वीस वर्षांनी तिच्या पूर्वेच्या टेकडीवर पुन्हा अवलंबिला गेला. मधल्या काळात मात्र सरकारी धोरण बदलले होते. यित्झाक राबिन यांच्या सरकारने १९९२ मध्ये नव्या वसाहतींची मंजुरी थांबविली होती, आणि पुढील सरकारांनीही आंतरराष्ट्रीय दडपणामुळे उघडपणे नव्या वसाहतींची घोषणा करण्याचे टाळले. तेव्हा जुन्या वसाहतीचा ‘शेजार’ किंवा ‘विस्तार’ या मिषाने दूरच्या टेकड्यांवर फिरती घरे नेऊन ठेवण्याचा मार्ग रूढ झाला. १९९८ साली परराष्ट्रमंत्री असलेल्या आरिएल शारोन यांनी वसाहतकारांना धावत जाऊन शक्य तितक्या टेकड्या ताब्यात घेण्याचे जाहीर आवाहन केल्यानंतर अशा वस्त्यांची संख्या झपाट्याने वाढली. अमोना ही या पिढीतील आरंभीच्या वस्त्यांपैकी एक होय.

भूधारणेचा पाया : या प्रदेशातील जमिनीचा कोणताही तंटा अखेरीस १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यापर्यंत जाऊन पोहोचतो. त्या कायद्याने जमिनीचे पाच वर्ग केले : पूर्ण खासगी मालकीची ती मुल्क, धर्मादाय ती वक्फ, रस्ते व गायराने यांसारख्या सार्वजनिक उपयोगाची ती मतरूक, गावापासून दूरची ओसाड ती मवात, आणि जिचा अंतिम स्वामी सुलतान पण वंशपरंपरेने वहिवाटणारा रयत, ती मिरी. डोंगराळ भागातील बहुतेक शेतजमीन मिरी वर्गात मोडे. दहा वर्षे अखंड कसल्यास कुळाचा हक्क पक्का होई, आणि सबळ कारणावाचून तीन वर्षे पडीक ठेवल्यास तो सरकारजमा होऊ शके. पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या ब्रिटिश अंमलाने या वहिवाटींची मोजणी आणि रुजुवात करून प्रत्येक भूखंडास नावनिशीवार खाते देण्याचे काम हाती घेतले, आणि १९४८ नंतर जॉर्डनच्या राजवटीने ते पुढे चालविले. १९६७ च्या जून महिन्यात युद्ध होऊन इस्रायलने पश्चिम तीर जिंकला, तेव्हा त्यातील सुमारे एकतृतीयांश जमिनीचीच अशी पक्की नोंद झालेली होती. उरलेल्या जमिनीची रुजुवात इस्रायली लष्करी प्रशासनाने १९६८ च्या २९१ क्रमांकाच्या हुकमाने तहकूब केली.

या तहकुबीचा परिणाम दूरगामी झाला. १९७९ पर्यंत लष्करी गरजेच्या नावाखाली खासगी जमीन ताब्यात घेऊन तिच्यावर नागरी वसाहती बसविण्याची प्रथा होती. परंतु त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एलोन मोरे या वसाहतीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने, ती वसाहत लष्करी गरजेपोटी नव्हे तर राजकीय हेतूने स्थापिली असल्याचा निष्कर्ष काढून, नाब्लूसजवळच्या रूजीब गावच्या जमिनीवरून ती हलविण्याचा हुकूम दिला. तेव्हापासून सरकारने खासगी जमिनीचा मार्ग सोडला आणि नोंद न झालेल्या, पडीक दिसणाऱ्या मिरी जमिनी ऑटोमन कायद्याच्याच आधारे ‘सरकारी जमीन’ म्हणून घोषित करून त्यांवर वसाहती उभारण्याचे धोरण स्वीकारले. तथापि अमोनाची टेकडी त्या नोंद झालेल्या एकतृतीयांशात होती. तिच्यावरील भूखंड तापूच्या, म्हणजे जमीननोंदणीच्या, दप्तरात पॅलेस्टिनी खातेदारांच्या नावे दाखल होते. त्यामुळे ती सरकारी जमीन असल्याचे जाहीर करण्याची वाट कोणत्याही सरकारला मोकळी नव्हती. वस्तीच्या पुढील साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली या एका वस्तुस्थितीत आहे.

अनधिकृत वस्तीची व्याख्या : इस्रायलचा स्वतःचा कायदा पश्चिम तीरावरील वसाहतींत ‘अधिकृत’ आणि ‘अनधिकृत’ असा भेद करतो. हा भेद निःसंदिग्धपणे मांडला गेला तो मार्च २००५ मध्ये. पंतप्रधान शारोन यांच्या विनंतीवरून, सरकारी अभियोग खात्यात उच्च पदावर काम केलेल्या विधिज्ञ तालिया सासोन यांनी या विषयाची चौकशी करून जो अहवाल सादर केला, त्यात वसाहतीच्या वैधतेस चार अटी आवश्यक मानल्या होत्या : स्थापनेविषयी सरकारचा निर्णय, जमिनीवरील वैध हक्क, मंजूर नगररचना आराखडा, आणि लष्करी सेनापतीच्या हुकमाने आखलेली हद्द. यांपैकी एकही अट अपुरी राहिल्यास वस्ती अनधिकृत ठरते. या कसोटीस न उतरणाऱ्या किमान १०५ वस्त्या सासोन यांना आढळल्या, आणि त्यांतील काही पूर्णतः, तर काही अंशतः खासगी पॅलेस्टिनी जमिनीवर होत्या.

अहवालाचे खरे महत्त्व मात्र आकड्यांपेक्षा त्यातील कारणमीमांसेत आहे. सरकारचा ठराव नसताना गृहनिर्माण मंत्रालय या वस्त्यांसाठी पैसा पुरवीत होते. जागतिक झायोनवादी संघटनेचा वसाहत विभाग, जो सरकारी निधीवरच चालतो, तो जमिनी वाटून देत होता. मुलकी प्रशासनातील अधिकारी विजेच्या जोडण्यांस मंजुरी देत होते. आणि ज्या सैन्याने कायद्याची अंमलबजावणी करावयाची, तेच वस्त्यांच्या रक्षणार्थ पहारा देत होते. काही बंडखोर तरुणांनी कायदा मोडला, एवढ्यावर हा प्रकार संपत नव्हता. राज्याच्या यंत्रणेचे हात राज्याच्याच घोषित निर्णयांविरुद्ध काम करीत होते, हे एका सरकारी कागदात प्रथमच इतक्या परखडपणे लिहिले गेले. अमोनाचा रस्ता, वीज आणि पाणी ही त्याच व्यवस्थेची फळे होती.

पहिले निष्कासन, २००६ : वस्तीत प्रथम फिरती घरे होती. नंतर नऊ पक्की दगडी घरे बांधली गेली. त्यांच्याविरुद्ध निघालेल्या पाडकामाच्या हुकमांची अंमलबजावणी होत नाही, असे पाहून शालोम आखशाव, म्हणजे ‘शांतता आता’, या इस्रायली संघटनेने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि बांधकामे बेकायदा आहेत हे सरकारनेही मान्य केले. जानेवारी २००६ च्या आरंभी शारोन यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आल्याने एहुद ओल्मर्ट हंगामी पंतप्रधान झाले होते. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गाझा पट्टीतील वसाहती हलविल्या गेल्याची जखम धार्मिक झायोनवादी समाजात ताजी होती, आणि अमोना येथे ती उघडी पडली. १ फेब्रुवारी २००६ रोजी, घरे ओफ्रात हलविण्याची वसाहतकारांची शेवटची विनवणी न्यायालयाने अमान्य केल्यावर, पोलिसांचे मोठे दळ टेकडीवर चढले. घरांच्या छपरांवर आणि आत शेकडो तरुणांनी मोर्चे धरले होते. दगडफेक, लाठीमार आणि घोडेस्वार पोलिसांचे हल्ले यांत दोनशेहून अधिक माणसे जखमी झाली. त्यांत पोलीस होते, आंदोलक होते, आणि एफी एतम व आर्ये एल्दाद हे संसद सदस्यही होते. संध्याकाळपर्यंत नऊही घरे जमीनदोस्त झाली. ढालींच्या भिंतीसारख्या पोलीस-रांगेस एकटीने अंगबळावर रेटू पाहणाऱ्या एका तरुणीचे असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार ओदेद बालिल्ती यांनी त्या दिवशी टिपलेले छायाचित्र २००७ च्या पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी ठरले. घरे पडली, तरी फिरत्या घरांची मूळ वस्ती जागेवरच राहिली.

जमीनमालकांची याचिका : आतापर्यंत न्यायालयात प्रश्न होता तो बांधकामाच्या परवान्याचा. २००८ मध्ये येश दीन या इस्रायली मानवाधिकार संघटनेच्या साहाय्याने सिलवाद आणि आसपासच्या गावांतील खातेदार स्वतः अर्जदार म्हणून पुढे आले, आणि प्रश्न मालकी हक्काचा झाला. ज्यांच्या दृष्टीसमोरची शेते वर्षानुवर्षे त्यांना बंद झाली होती, त्यांनी आपल्यावर लष्करी सत्ता गाजविणाऱ्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायासनापुढे जाऊन त्या राज्याच्या ताब्यातील दप्तराचा दाखला द्यावा, यात विश्वास आणि नाइलाज यांचे मिश्रण होते. सरकारी वकिलांनी जमीन खासगी असल्याचे नाकारले नाही. २०१२ च्या अखेरीपर्यंत वस्ती हटविण्याची हमी दिली गेली, आणि मग तिच्यावर मुदतवाढी मागण्यात आल्या. दरम्यान काही भूखंड आपण खरेदी केल्याचा दावा वसाहतकारांकडून पुढे आला. परंतु तुटक भूखंड विकत घेतल्याने मंजूर आराखड्याविना उभी असलेली सबंध वस्ती वैध होत नाही, हे स्पष्ट होते. २५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने अंतिम निर्णय दिला : जमीन नोंदणीकृत खासगी मालकीची आहे, तेथील बांधकामे नियमित होण्याची शक्यता नाही, आणि दोन वर्षांच्या आत, म्हणजे २५ डिसेंबर २०१६ पर्यंत, संपूर्ण वस्ती हटविण्यात यावी. त्याच परिसरातील मिग्रोन ही वस्ती अशाच निकालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये हलविण्यात आली होती. तेव्हा निकालाचा अर्थ सरकारला अपरिचित नव्हता.

नियमितीकरण कायदा : ही दोन वर्षे पर्यायी घरांच्या तयारीत जावी, ही न्यायालयाची अपेक्षा होती. ती गेली निकालातून मार्ग काढण्याच्या राजकीय खटपटीत. २०१६ च्या उत्तरार्धात बेन्यामिन नेतन्याहू यांच्या संयुक्त सरकारातील पक्षांनी क्नेसेट या इस्रायली संसदेत एक विधेयक आणले. खासगी पॅलेस्टिनी जमिनीवर सद्भावनेने किंवा राज्याच्या संमतीने जेथे घरे बांधली गेली असतील, तेथे जमिनीचा उपभोगहक्क राज्याने ताब्यात घ्यावा, तो वसाहतकारांना द्यावा, आणि मालकास वार्षिक भोगवट्याच्या मूल्याच्या १२५ टक्के मोबदला किंवा पर्यायी जमीन द्यावी, अशी त्याची मध्यवर्ती तरतूद होती. संमती उघड असो वा गर्भित, बांधकामापूर्वीची असो वा नंतरची, ती ग्राह्य धरावयाची होती. सासोन अहवालाने ज्या सरकारी साहाय्यास नियमभंग म्हटले होते, तेच साहाय्य आता वसाहतकाराच्या सद्भावनेचा पुरावा ठरणार होते. महाधिवक्ता अविखाई मांदेलब्लित यांनी हे विधेयक घटनाबाह्य असल्याचा इशारा दिला. अंतिम निकाल झालेल्या अमोनालाही ते लागू करणारे कलम त्याच सरकारातील मोशे काहलोन यांच्या पक्षाच्या आग्रहावरून गळले, आणि ज्या वस्तीसाठी विधेयक जन्मास आले तिला त्याचा लाभ मिळेनासा झाला. २३ डिसेंबर २०१६ रोजी, विधेयकाची चर्चा चालू असतानाच, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २३३४ क्रमांकाचा ठराव चौदा मतांनी संमत करून वसाहतींना आंतरराष्ट्रीय कायद्याचे उघड उल्लंघन म्हटले. अमेरिका तटस्थ राहिली.

६ फेब्रुवारी २०१७ रोजी कायदा ६० विरुद्ध ५२ मतांनी संमत झाला. सत्तारूढ लिकूड पक्षातून विरोधात मत दिले ते बेनी बेगिन यांनी. ओफ्राला मान्यता देणाऱ्या मेनाखेम बेगिन यांचे ते चिरंजीव. इस्रायलला या भूमीवर हक्क आहे अशी निष्ठा बाळगणारा माणूसही परक्याच्या खासगी मालमत्तेच्या हरणास संमती देत नाही, हे त्या मताने दाखवून दिले. कायद्याचे न्यायालयात समर्थन करण्यास मांदेलब्लित यांनी नकार दिल्याने सरकारला खासगी वकील नेमावा लागला.

दुसरे निष्कासन, २०१७ : कायदा संमत होण्यास चार दिवस उरले असता अमोना रिकामी झाली. तत्पूर्वी डिसेंबर २०१६ मध्ये वसाहतकारांशी एक तडजोड ठरली होती. तीनुसार काही कुटुंबांना त्याच टेकडीवरील लगतच्या भूखंडांवर घरे द्यावयाची होती, आणि हे भूखंड १९६७ मध्ये परागंदा झालेल्या मालकांचे असल्याने लष्करी प्रशासनाच्या ताब्यात आहेत, असा आधार घेण्यात आला होता. न्यायालयाने मुदत ८ फेब्रुवारी २०१७ पर्यंत वाढविली. परंतु लगतच्या भूखंडांवरही पॅलेस्टिनी हक्कदार पुढे आले, आणि १ फेब्रुवारी रोजी न्यायालयाने ती योजनाही थोपविली. पहिल्या निष्कासनास त्याच दिवशी अकरा वर्षे पूर्ण होत होती. सुमारे ३,००० पोलीस टेकडीवर आले. या खेपेस बहुतेक कुटुंबे प्रतिकाराविना, पण अश्रूंनी, घराबाहेर पडली. बाहेरून आलेल्या तरुणांनी मात्र प्रार्थनामंदिरात स्वतःस कोंडून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बळाने बाहेर काढावे लागले. ज्या मुलांचा जन्म त्या टेकडीवर झाला, त्यांचे ती सोडण्याचे दुःख खोटे नव्हते. त्यांच्या आईवडिलांना राज्याच्या खात्यांनी वीस वर्षे आश्वासन दिले होते, आणि ते आश्वासन देण्याचा अधिकार त्या खात्यांना नव्हता.

विस्थापित कुटुंबांसाठी मंत्रिमंडळाने ३० मार्च २०१७ रोजी नव्या वसाहतीस मंजुरी दिली. विसांहून अधिक वर्षांत सरकारच्या रीतसर निर्णयाने स्थापन झालेली ही पहिलीच नवी वसाहत होय. शिलो या वसाहतीच्या परिसरात, अमोनाच्या उत्तरेस, ती अमिखाई या नावाने उभी राहिली आणि २०१८ मध्ये कुटुंबे तेथे राहावयास गेली. जवळची अदेई अद ही अनधिकृत वस्तीही पुढील आराखड्यांत अमिखाईचा भाग म्हणून समाविष्ट करण्यात आली. एक बेकायदा वस्ती हटविल्याच्या पोटी एक मान्य वसाहत आणि दुसऱ्या बेकायदा वस्तीची मान्यता, असा या व्यवहाराचा ताळेबंद राहिला.

२०२० चा निकाल : नियमितीकरण कायद्याविरुद्धच्या मुख्य याचिकेत पहिली अर्जदार सिलवादची नगरपालिका होती. ९ जून २०२० रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने कायदा रद्द केला. मुख्य न्यायाधीश एस्तेर हायुत यांनी लिहिलेल्या निर्णयात, हा कायदा पॅलेस्टिनी रहिवाशांच्या मालमत्तेच्या, समानतेच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्कांवर आघात करतो, आणि वसाहतकारांच्या हितास अप्रमाण अग्रक्रम देतो, असे ठरले. विरोधी मत न्यायमूर्ती नोआम सोल्बर्ग यांचे होते. इस्रायली संसदेने केलेला कायदा इस्रायली मानवी प्रतिष्ठा व स्वातंत्र्यविषयक मूलभूत कायद्याच्या कसोटीवर, ज्यांना त्या संसदेस मत देण्याचा अधिकार नाही अशा लोकांच्या तक्रारीवरून रद्द झाला, ही घटना न्यायसंस्थेस भूषणावह आहे. परंतु निकालाने अन्य मार्ग बंद केले नाहीत. मुलकी प्रशासनाने जमीन सरकारी आहे अशा चुकीच्या पण प्रामाणिक समजुतीने दिली असल्यास वसाहतकाराचा हक्क टिकावा, हे तत्त्व मित्सपे क्रमीम या वस्तीला लागू करण्यास न्यायालयाने २०२० मध्ये नकार दिला आणि जुलै २०२२ मध्ये, फेरसुनावणीत, चार विरुद्ध तीन मतांनी ते लागू केले.

आंतरराष्ट्रीय कायद्यातील स्थान : वर वर्णिलेला अधिकृत-अनधिकृत भेद इस्रायली कायद्यापुरता आहे. व्यापलेल्या प्रदेशात विजेत्याने आपली नागरी लोकसंख्या नेऊन बसवू नये, असे १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराच्या ४९ व्या कलमात सांगितले आहे, आणि १९०७ चे हेग येथील नियम खासगी मालमत्तेची जप्ती निषिद्ध मानतात. या आधारे सुरक्षा समिती, तसेच २००४ आणि जुलै २०२४ च्या मतप्रदर्शनांत आंतरराष्ट्रीय न्यायालय, यांनी सर्वच वसाहती बेकायदा मानल्या आहेत. त्यांच्या दृष्टीने ओफ्रा आणि अमोना यांत भेद नाही. सप्टेंबर १९६७ मध्येच इस्रायली परराष्ट्र मंत्रालयाचे विधिसल्लागार थिओडोर मेरॉन यांनी नागरी वसाहती त्या कराराशी विसंगत ठरतील असे गोपनीय टिपणात कळविले होते. याउलट इस्रायली सरकारांची अधिकृत भूमिका अशी की, १९६७ पूर्वी या प्रदेशावर कोणाचेही सर्वमान्य सार्वभौमत्व नसल्याने तो ‘व्याप्त’ नसून ‘विवादित’ आहे, आणि तेथे स्वेच्छेने राहावयास जाणे म्हणजे लोकसंख्येचे स्थलांतर घडविणे नव्हे. निवृत्त न्यायमूर्ती एडमंड लेव्ही यांच्या समितीने २०१२ मध्ये याच भूमिकेचा विस्तार करून अनधिकृत वस्त्या नियमित करण्याची शिफारस केली. ही भूमिका जगातील बहुसंख्य राज्यांनी स्वीकारलेली नाही. ती पूर्णतः मान्य केली, तरी खासगी खातेदाराचा हक्क तिने नष्ट होत नाही. सार्वभौमत्व कोणाचेही असो, रयतेची वहिवाट अबाधित राहते, हे सर्व सुसंस्कृत राजवटींनी मानलेले तत्त्व आहे.

नंतरची स्थिती : घरे हटली, पण टेकडी शेतकऱ्यांच्या हाती मोकळेपणाने आली नाही, कारण तिच्यावर लष्कराची प्रवेशबंदी राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये ओफ्राजवळच्या प्राणघातक हल्ल्यांनंतर वसाहतकारांनी दोन फिरती घरे पुन्हा तेथे नेऊन ठेवली. ती ३ जानेवारी २०१९ रोजी पोलिसांनी हटविली. सरकारी धोरण मात्र उलट दिशेने गेले. २०२३ पासून अनेक अनधिकृत वस्त्यांना मंत्रिमंडळाने मान्यता दिली, मे २०२५ मध्ये आणखी २२ वसाहतींची घोषणा झाली, आणि १९६८ पासून थांबलेली जमिनीची रुजुवात ‘क’ भागात पुन्हा सुरू करण्याचा निर्णयही त्याच महिन्यात घेण्यात आला. ज्या रुजुवातीने अमोनाच्या खातेदारांना न्यायालयात उभे राहण्यास आधार दिला, ती आता सत्ताधाऱ्यांच्या हाती असून, कोणाचे नाव खात्यावर चढेल याचा निर्णय त्यांच्याच अधिकाऱ्यांकडे आहे.

अमोनाच्या इतिहासातून न्यायालयाच्या सामर्थ्याची आणि मर्यादेची एकाच वेळी ओळख पटते. जेथे दप्तरात स्पष्ट नाव होते, तेथे न्यायाधीशांनी सरकारच्या, संसदेच्या आणि जमावाच्या दडपणासमोर त्या नावाचा मान राखला. वस्ती हटविली गेली आणि तिच्यासाठी केलेला कायदाही टिकू दिला नाही. परंतु खातेदाराला आपल्या शेतात जाऊन ते कसता यावे, एवढा साधा परिणाम या निकालांनी साधला नाही, कारण तो घडवून आणणे लष्करी अंमलाच्या हाती होते. आणि ज्या दोनतृतीयांश जमिनीची नोंद १९६८ मध्ये अडविली गेली, तिच्या वहिवाटदारांना तर इतकेही संरक्षण लाभलेले नाही. म्हणून पश्चिम तीरावरील वसाहतींच्या वैधतेचा विचार करणाऱ्या अभ्यासकाने न्यायालयाच्या निकालांइतकेच लक्ष महसुली नोंदी कोण ठेवतो आणि कोणासाठी ठेवतो, या प्रश्नाकडे द्यावयास हवे. जी राजवट नोंद थांबवू शकते, तिच्याच हाती नोंद करण्याचा अधिकार असेल, तर सर्वोत्तम न्यायाधीशालाही तिने अगोदर ठरविलेल्या मर्यादेतच न्याय देता येतो.